चौघांचं सकाळचं काम

माझ्या वहिनीला एका जागी बसता येत नाही, आणि तिचा धंदा मात्र दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसण्याचा. ती सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. जेवताना टेबलाखाली तिचा डावा पाय सारखा हलत असतो आणि वर ग्लास किणकिणत असतात. दादा, म्हणजे माझा भाऊ आणि तिचा नवरा, ताटातून नजर न काढता आपला हात तिच्या गुडघ्यावर ठेवतो. पाय थांबतो. हात काढला की पुन्हा सुरू. लग्नाला सतरा वर्षं झाली, अजून त्यात फरक नाही.

दादा शाळेत चित्रकला शिकवतो. स्वभावाने एकदम थंड. "मी पगारासाठी शिकवतो," तो म्हणतो, "हिला शिकवण्याची खाज आहे." ते खरंच आहे. घरी आलेला प्लंबर असो की वरच्या मजल्यावरची परिचारिका, दहा मिनिटांत वहिनी त्यांच्यासमोर वही उघडून बसलेली असते. मी दोन गल्ल्या सोडून राहते. कपडे उसवून, घट्ट-सैल करून देण्याचं माझं छोटं दुकान आहे. मलाही तिने तीन आठवडे शिकवून पाहिलं. माझ्या डोक्यात काही शिरेना. शेवटी मीच म्हटलं, "अगं, कापड एका टाक्यात ऐकतं, तुझा संगणक ऐकत नाही, मला सोड." तिने सोडलं, पण मनातून नाही. अजूनही अधूनमधून माझ्या मापाच्या वहीकडे बघते आणि म्हणते, "हे सगळं दहा ओळींत बसेल बघ."

वहिनी मुळात या धंद्यातली नव्हे. तिचे वडील कुलपं दुरुस्त करायचे. शाळा संपल्यावर ती एका दवाखान्यात कागदपत्रं टाइप करायला लागली. एक दिवस संगणक बंद पडला, दुरुस्तीवाला आला, त्याने चार बटणं दाबली आणि संगणक चालू झाला. वहिनीने विचारलं, "काय केलंत?" तो बॅग भरत म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं ते." बस्स, एवढंच. पण ते वाक्य तिला असं काही झोंबलं की दुसऱ्या दिवशीपासून तिने वाचनालयातून पुस्तकं आणायला सुरुवात केली. पाच वर्षं नोकरी करून संध्याकाळच्या कॉलेजात शिकली. मग पहिल्या सहा वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या. नवीन ठिकाणी जायचं, तिथलं काय काय मोडलंय ते शोधायचं, दुरुस्त करायचं, आणि दुरुस्त झालं की कंटाळायचं.

चौथ्या ठिकाणी मात्र ती नऊ वर्षं टिकली. ती कंपनी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी प्रोग्रॅम बनवायची, आणि तिथे चुकांना तोटा नव्हता. नवीन प्रोग्रॅम लिहिणारे तिच्याहून हुशार लोक तिथे होते, हे ती स्वतःच सांगते. तिची खरी कला दुसऱ्याने लिहिलेलं जुनं वाचण्यात होती. लोक हजार ओळींचा कोड बघून घाबरतात. ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागते, ओठ हलवत, लहान मुलासारखी. हाताखालच्यांनी अडल्यावर विचारलं की तिचं एकच उत्तर, "आधी वाच. तिथे काय लिहिलंय ते वाच, तुला काय लिहायचं होतं ते नको."

तर एकदा एका प्रयोगशाळेतून तक्रार आली. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जात होता. रोज नाही, कधीतरीच. ऑफिसातले तिघे जण तीन दिवस कोड तपासत बसले आणि कोडमध्ये काही दोष नाही असं त्यांनी लिहून दिलं. वहिनीने पर्स उचलली आणि सरळ प्रयोगशाळा गाठली. तिथे रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवणाऱ्या बाईच्या शेजारी स्टूल ओढून ती दीड तास बसली. बसली म्हणजे तिच्या हिशेबाने बसली, पाय चालूच असणार.

ती बाई चाळिशीची, बारीक, कामाला झपाट्याची. बटण दाबलं की लेबल छापून यायला तीन-चार सेकंद लागायचे. गर्दी वाढली की तिला तेवढा धीर नसायचा. ती पुन्हा बटण दाबायची. मग दोन लेबलं यायची, दुसऱ्यावर पुढचा नंबर, पण संगणकात तोही त्याच माणसाच्या नावावर. ते जादाचं लेबल पुढच्या नळीवर जायचं, आणि तिथून सगळी माळ एका मण्याने सरकायची.

वहिनीने तिला हे दाखवलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे चूक माझी?"

"तुमची कशी? आमची," वहिनी म्हणाली. "बटण लागलं की नाही हे तुम्हाला कळायला नको? आम्ही ते कुठे दाखवलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली. लेबल बाहेर येईपर्यंत बटण दाबलंच जाणार नाही, एवढीच. पण वहिनी निघताना त्या बाईने तिला जिन्यात गाठलं.

"तुम्ही हे जे करता, ते शिकायला किती शिक्षण लागतं?"

"वाचता येतं ना?"

"येतं की."

"मग शनिवारी येते मी."

असा तो वर्ग सुरू झाला. शनिवारी दुपारी एकला प्रयोगशाळा बंद व्हायची. मग मागच्या कोठीत, रिकाम्या नळ्यांच्या खोक्यांमध्ये, दोन जुने संगणक मांडून पाच जण बसायचे. ती लेबलवाली बाई, तिला वहिनी लेबलताई म्हणायची. काउंटरवरच्या दोघी. नमुने गोळा करून आणणारा एक ड्रायव्हर. आणि एक काका. काका छप्पन्न वर्षांचे, बावीस वर्षं तिथेच नोकरीला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सकाळी सात ते अकरा काका आणि आणखी तिघे एकच काम करायचे. नळीबरोबर आलेली चिठ्ठी, यंत्राने छापलेला आकडा आणि संगणकातली नोंद, तिन्ही शेजारी ठेवून जुळवायची. जुळलं की टिक, मगच रिपोर्ट बाहेर. चौघांचं सकाळचं काम ते.

वहिनी शिकवते कशी हे मी एकदा तिथे डबा पोचवायला गेले तेव्हा पाहिलं. काकांनी एक ते दहा आकडे छापायचा प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर आकडे धावत सुटले, शंभर, हजार, थांबायचं नाव नाही.

"अहो, थांबवा याला," काका खुर्ची मागे सरकवत म्हणाले.

"तुम्ही त्याला थांबायला कुठे सांगितलंय? वाचा."

काकांनी चष्मा चढवला आणि एकेक ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचली. "नाही सांगितलेलं."

"मग त्याचं काय चुकलं?"

"काही नाही," काका म्हणाले. "सांगितलं ते करतंय बिचारं."

सगळे हसले. वहिनी खोक्यांमधल्या त्या चिंचोळ्या जागेत येरझाऱ्या घालत होती, एकाच्या खांद्यावरून डोकाव, दुसऱ्याच्या हातातला माउस काढून घे, लगेच "नाही नाही, तूच कर" म्हणून परत दे. शिकवताना ती इतकी खूश असते की तिच्याकडे बघताना मला जरा भीतीच वाटते. एखादं वाहन उतारावर फार वेगात जाताना वाटते तशी.

काका लूपच्या, म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा करायला लावण्याच्या, पुढे कधी गेले नाहीत. पण एकही शनिवार चुकवला नाही. लेबलताई मात्र हां हां म्हणता सगळ्यांच्या पुढे निघून गेली. वर्षभरात ती वहिनीला असे प्रश्न विचारायला लागली की वहिनीला घरी येऊन पुस्तक उघडावं लागे. मग एका शनिवारी वहिनीने गृहपाठ दिला. "तुमच्या रोजच्या कामातली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट शोधून आणा. आपण ती संगणकाला करायला लावू."

लेबलताईने सकाळचं जुळवणीचं काम आणलं. ते तिचं काम नव्हतं, काकांचं होतं. पण काकांनाच उत्साह. चार शनिवार ते तिच्या शेजारी बसून एकेक नियम सांगत होते. चिठ्ठीवर नाव अर्धवट असेल तर वय बघायचं. वय नसेल तर वेळ बघायची. दोन नमुने एकाच माणसाचे असतील तर यंत्राच्या कागदावर ते असे दिसतात. लेबलताई लिहून घेत होती आणि वहिनी मागे उभी राहून दोघांकडे बघत होती. त्या दिवसांत घरी ती दुसरं काही बोलतच नव्हती. "शिकवणं म्हणजे हे," असं दादाला दहा वेळा सांगून झालं.

प्रोग्रॅम तयार झाला. चार तासांचं काम अकरा मिनिटांत झालं. प्रयोगशाळेच्या मालकीण डॉक्टरबाई स्वतः घड्याळ लावून उभ्या होत्या. त्यांनी लेबलताईची पाठ थोपटली आणि सगळ्यांसाठी केक मागवला. वहिनीलाही एक तुकडा घरी पाठवला. आम्ही सगळ्यांनी तो खाल्ला.

सात आठवड्यांनी जुळवणीच्या टेबलावरच्या चौघांपैकी एकीला काउंटरवर हलवलं आणि बाकीच्या तिघांना नोकरीवरून कमी केल्याची पत्रं मिळाली. त्यांतलं एक काकांचं.

त्या शनिवारी काका कोठीत आले ते वहिनीने दिलेलं पुस्तक परत करायला. पुस्तकाला त्यांनी कागदाचं कव्हर घातलं होतं.

"बाई, एक विचारू?" काका म्हणाले. "मी लेबलताईसारखा शिकलो असतो, तर तो प्रोग्रॅम मी लिहिला असता का?"

"लिहिला असता."

"मग बरं झालं मला जमलं नाही ते," काका म्हणाले. "ती अजून लहान आहे, तिला निभावेल. मला नसतं निभावलं." आणि पुस्तक खोक्यावर ठेवून गेले. आवाज चढवला असता तर वहिनीला सोपं गेलं असतं.

तिने वर्ग बंद केला. त्यानंतरचे दोन महिने आम्हा सगळ्यांनाच जड गेले. तिचा अस्वस्थपणा आमच्या सवयीचा होता, पण हा वेगळा होता. ती कपाटं काढायची, अर्ध्यात सोडायची. चांगला चालणारा पंखा तिने खोलला आणि तीन दिवस त्याची पाती सोफ्यावर पडून होती. ऑफिसात एका साध्या कामात तारीख उलटी लिहिली आणि ती चूक हाताखालच्या मुलीने दाखवली. भर दुपारी माझ्या दुकानात यायची, इस्त्रीच्या टेबलाला टेकून कात्री उघड-मीट करत राहायची.

"ठेव ती," मी म्हणायचे, "धार जाते."

ठेवायची. मग टेप गुंडाळायची, उलगडायची.

"गृहपाठ मी दिला होता," एकदा म्हणाली. "कंटाळवाणी गोष्ट आणा म्हणाले. ती कोणाची तरी नोकरी असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंधरा वर्षं हाच धंदा करते मी. आमचा प्रत्येक प्रोग्रॅम कोणाचं तरी काम काढून घेतो, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण ते लोक मी कधी पाहिले नव्हते."

"डॉक्टरबाईंनी काढलं त्यांना, तू नाही."

"हो," ती म्हणाली, पण ऐकलं नव्हतं.

मग एका रविवारी दुपारी दादाकडे आम्ही सगळे जमलो होतो. आई त्यांच्याकडेच राहते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ऐकायला कमी येतं असं आम्ही समजतो, पण हवं ते तिला बरोबर ऐकू येतं. आई तरुणपणी टेलिफोन ऑपरेटर होती. डोक्यावर पट्टा, कानाला यंत्र, समोर भोकांची भिंत, आणि वायर काढून वायर घालायची. ते आम्हाला माहीत होतं. ती नोकरी कशी गेली हे तिने कधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

वहिनी स्वयंपाकघरात एकच कप तिसऱ्यांदा विसळत होती. आई म्हणाली, "ते नको आता, झिजेल. इथे बस."

वहिनी खुर्चीच्या कडेला बसली.

"आमच्याकडे एक इंजिनियर आला होता," आई म्हणाली. "गोड बोलायचा. दोन आठवडे माझ्या शेजारी बसला. हे कसं करता, दोन कॉल एकदम आले तर आधी कोणता घेता, लाइन बिझी असली तर काय सांगता. मी एवढ्या कौतुकाने सांगितलं सगळं. मला वाटलं, कोणीतरी आपल्या कामाची दखल घेतोय. घरी येऊन तुमच्या बाबांनाही सांगितलं. पुढच्या वर्षी आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि आम्ही सोळा जणी घरी."



"तुम्ही त्याला माफ केलंत?" वहिनीने विचारलं.

"छे," आई म्हणाली. "अजून दिसला तर मी तोंड फिरवीन."

दादाने माझ्याकडे बघितलं. सुनेची समजूत काढायला बसलेली सासू असं बोलेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. वहिनीचे डोळे भरले, पण ती उठून गेली नाही. "त्याने काय करायला हवं होतं, आई? यंत्रं तर येणारच होती."

"येणारच होती. ती त्याने थोडीच थांबवली असती." आईने जरा विचार केला. "पण हे कशासाठी विचारतोय ते त्याने सांगायला हवं होतं. मला वेळ मिळाला असता. निदान मी मूर्खासारखी खूश झाले नसते."

दुसऱ्या दिवशी वहिनी ऑफिसला न जाता काकांच्या घरी गेली. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार काकूंनी उघडलं आणि ती कोण हे कळल्यावर बाजूला झाल्या. काका खिडकीशी बसून मोडलेला रेडिओ जोडत होते. वहिनीने उभ्या उभ्याच बोलून टाकलं. गृहपाठ देताना पुढे काय होईल हे मला कळायला हवं होतं, मला कळलं नाही, आणि कळलं असतं तर मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

काका ऐकत होते. "सांगितलं असतंत, तरी मी वर्गाला आलो असतो," ते म्हणाले. "मजा यायची. फक्त तिला नियम सांगताना दोन-चार गाळले असते."

काकू आतून म्हणाल्या, "गाळायला हवे होते."

"तसा एक राहिलाच म्हणा सांगायचा," काका म्हणाले. "मुद्दाम नाही. तो नियम आहे असं मला कधी वाटलंच नाही. पिवळी चिठ्ठी."

वहिनी पहिल्यांदाच खाली बसली. "कोणती पिवळी चिठ्ठी?"

काकांनी सांगितलं. प्रयोगशाळेचं गावाबाहेर एक छोटं केंद्र होतं. तिथून येणाऱ्या नमुन्यांना पिवळी चिठ्ठी असायची आणि नंबर शून्याने सुरू व्हायचा. शून्य चार एक दोन, असा. प्रयोगशाळेतल्या दोन यंत्रांपैकी जुनं यंत्र ते पुढचं शून्य छापत नसे. मग तोच नंबर चारशे बारा दिसायचा. इकडचा चारशे बारा नंबरचा नमुना त्याच दिवशी असला तर एका नंबराचे दोघे. "आम्हाला काय, चिठ्ठीचा रंग दिसायचा," काका म्हणाले. "हात आपोआप पिवळा गठ्ठा वेगळा करायचा. संगणकाला रंग कुठे दिसतो?"

वहिनीने चहासुद्धा घेतला नाही. तिथूनच लेबलताईला फोन केला आणि अर्ध्या तासात दोघी त्या कोठीत होत्या. वहिनीने कीबोर्डला हात लावला नाही. "वाच," एवढंच म्हणाली. लेबलताईने आपलाच प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचला. एकविसाव्या ओळीवर थांबली. तिथे तिने नंबर हा आकडा म्हणून घेतला होता, आणि आकड्याच्या पुढच्या शून्याला किंमत नसते. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

चार महिन्यांचे रिपोर्ट तपासले. अकरा चुकीच्या माणसांच्या नावावर गेलेले निघाले. नऊ ठिकाणी दोघांचेही आकडे ठीकच होते म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. दोघांना पुन्हा रक्त द्यायला बोलवावं लागलं. त्यांतल्या एकीला नसलेल्या आजाराची गोळी तीन आठवडे चालू होती. तिला काही अपाय झाला नव्हता, पण डॉक्टरबाई ते ऐकून खुर्चीत मागे टेकल्या.

वहिनीने त्यांना सांगितलं की प्रोग्रॅम दुरुस्त होईल, आजच होईल. पण उद्या निळी चिठ्ठी आली तर? रिपोर्ट बाहेर जाण्याआधी तो डोळ्यांखालून घालणारं कोणीतरी पाहिजे, आणि ते कोण हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, बघते.

इकडे वहिनीच्या ऑफिसात वेगळंच पेटलं. तिचा साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने दार लावून घेतलं आणि म्हणाला, "प्रोग्रॅम आपला नाही, पण शिकवणारी बाई आपली. उद्या कोणी कोर्टात गेलं तर नाव कोणाचं येईल? यापुढे ग्राहकांच्या माणसांना शिकवणार नाही, असं मला लेखी दे. विषय मिटला."

"आणि नाही दिलं तर?"

"देशील. नऊ वर्षं झाली तुला इथे."

तिने तो कागद दोन दिवस पर्समध्ये ठेवला. दादा म्हणाला, "सही कर किंवा करू नकोस, पण पर्स सारखी उघडू नकोस." तिसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. दादाला हे येणार हे बहुधा आधीच कळलं होतं. त्याने शाळेत सुट्टीच्या दिवसांचे जादा वर्ग मागून घेतले होते आणि तिला सांगितलं नव्हतं.

काकांना महिन्याभरात बोलावणं आलं. ते लगेच गेले नाहीत. काकूंच्या सांगण्यावरून त्यांनी अटी घातल्या. काम अर्ध्या दिवसाचं, आणि प्रोग्रॅमने जुळवलेला रिपोर्ट त्यांच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही, हे लेखी. डॉक्टरबाई घाबरलेल्या होत्या म्हणून मान्य झालं, एरवी झालं नसतं. बाकीच्या दोघांना कोणी बोलावलं नाही. त्यांतली एक शाळेच्या कचेरीत लागली. दुसरा वहिनीचा फोन अजून उचलत नाही. ती दर महिन्याला एकदा करते.

लेबलताईची गोष्ट तशीच लोंबकळत राहिली. तिला बढती मिळाली, स्वतःचं टेबल मिळालं, आणि मधल्या सुट्टीत तिच्याजवळ कोणी बसेना. काका परतले त्या दिवशी ते आपला चहा घेऊन तिच्या टेबलाशी जाऊन बसले. ती म्हणे रडायला लागली. काका म्हणाले, "मी अजून रागावलेला आहे. पण उभं राहून चहा पिववत नाही." हे लेबलताईनेच मला सांगितलं, तिच्या मुलीचा स्कर्ट वाढवायला आली होती तेव्हा.

वहिनी आता आठवड्यातले तीन दिवस बसच्या वेळापत्रकांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत जाते. उरलेल्या दिवसांत वाचनालयाच्या माडीवर वर्ग घेते. पहिल्या दिवशी मी मुद्दाम जाऊन मागे बसले. चौदा जण होते, एक बेकरीवाली, दोन कारकून, एक निवृत्त शिक्षक, बाकी असेच. तिने संगणक चालू करण्याआधी सांगितलं, "इथे जे शिकाल त्याने कामं कमी होतात. कदाचित शेजाऱ्याचं काम जाईल, कदाचित तुमचं स्वतःचं. हे आधी ऐका आणि मग ठरवा." पुढच्या वेळी आठच आले. ती दिवसभर माझ्या दुकानात धुमसत होती. सांगायला नको होतं की काय, का वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं, का ते सहा जण एरवीही आले नसते.

गृहपाठ ती अजूनही तोच देते. फक्त त्यात एक भर घातली आहे. ते काम जो करतो त्याच्याकडे जायचं, आपण काय करणार आहोत ते सांगायचं आणि विचारायचं. मागच्या बुधवारी एक कारकून परत येऊन म्हणाला, "त्या बाई नाही म्हणाल्या."

"मग?"

"मग काय करू?"

"दुसरं काम शोधा."

"पण हे सोपं होतं हो. तीन दिवसांत झालं असतं. आणि मी नाही केलं तरी कोणीतरी करेलच."

हे सगळं ती मला सांगत होती. दुपारचे दोन वाजले होते, मी परकराच्या नेफ्याला शिवण घालत होते आणि ती उभ्या उभ्या सफरचंद खात होती. "त्याचं म्हणणं चूक नाही गं," ती म्हणाली. "करेलच कोणीतरी. मग मी त्याला अडवून मिळवलं काय? आणि नसतं अडवलं तर त्या बाईला परवा..."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बेकरीवालीचा होता. तिचा प्रोग्रॅम सकाळपासून अडला होता.

"हात लावू नका," वहिनी म्हणाली, "काय लिहिलंय ते आधी मोठ्याने वाचा मला," आणि अर्धं सफरचंद माझ्या सुयांच्या डबीवर ठेवून, फोन कानाला लावून, ऐकत ऐकत रस्ता ओलांडून गेली.